पिवळे गाऊन

नऊ नंबरचा शिंपी मला म्हणाला, "मॅडम, माझ्या बायकोला आत सोडू नका हं," आणि मी सवयीने "बरं" म्हणून पुढच्या कॉटकडे वळले. दहा नंबरच्या पायथ्याशी उभी राहिले, तक्ता उचलला, आणि मग ते वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं. त्या पोशाखात सगळंच उशिरा पोहोचतं. डोक्याला टोपी, तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. आपलाच श्वास शेजारी कोणी झोपल्यासारखा ऐकू येतो आणि बाकीची माणसं पाण्याखालून बोलतात. चार महिने मी लोकांच्या ओठांशी न बोलता भुवयांशी बोलत होते. सकाळी मोठ्या दरवाजापाशी जमणारे नातेवाईक, फोनवर रडणारे, ओरडणारे, वरच्या ओळखी सांगणारे, सगळ्यांचं मागणं एकच: आत सोडा. सोडू नका म्हणणारा हा पहिला. मी मागे फिरले. "का हो, भांडण झालंय का?" "छे, एकोणतीस वर्षांत भांडायला फुरसत कुठे मिळाली," तो म्हणाला. त्याचा ऑक्सिजन दोन दिवसांपूर्वीच उतरवला होता. एक-दोन दिवसांत घरी जाणारा माणूस. "ते पिवळं तेवढं नको. कापड चांगलं आहे मॅडम, शिलाईसुद्धा सरळ आहे. पण रंग वाईट." आणि त्याने सहा नंबरच्या रिकाम्या कॉटकडे हळूच मान वळवली, त्या कॉटला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

मी थांबले ती तिथेच, दोन कॉटच्या मधल्या अडीच हात जागेत. कारण पिवळे गाऊन ही माझीच हुशारी होती. भेटायला बंदी हा नियम वरून आला होता, आणि त्यातली एकच फट: डॉक्टरांनी आता काही तासच उरले असं सांगितलं, तर घरातलं एक माणूस, पंधरा मिनिटं. पण ते माणूस कोणत्या जिन्याने वर येणार, त्याला कपडे कोण चढवणार, ते कुठे बसणार आणि पंधरा मिनिटांनी त्याला उठवणार कसं, हे वरच्यांना सुचलं नव्हतं. ते मेट्रनने बघावं. मी बघितलं. मी मुळात कोठाराची बाई. चादरींच्या घड्या एकावर एक नीट बसल्या की मला देव भेटल्यासारखं वाटतं. त्याच आठवड्यात कुठूनसे चारशे पिवळे गाऊन येऊन पडले होते आणि मी लगेच ठरवून टाकलं: कामाची माणसं पांढऱ्यात, भेटायला आलेलं माणूस पिवळ्यात. लांबूनही कळेल, हरवलं तर हात धरून आणता येईल. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. उठवायची पद्धतही मीच शिकवली. बारा मिनिटं झाली की पाठीमागून जायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं नाही, बोललं की "अजून दोनच मिनिटं" सुरू होतं आणि मग कोणाचाच पाय निघत नाही. हात ठेवायचा, मनात तीन आकडे मोजायचे, उचलायचा. माणूस समजतो. मी तिसऱ्या मजल्याच्या इनचार्ज सिस्टरला खुर्चीवर बसवून सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, एका जागी उभी राहत नाही म्हणून. त्या दिवशी ती माझ्या हाताखाली इतकी स्तब्ध बसली की पोरी हसल्या.

एकच गोष्ट हिशेबात धरायची राहिली. वॉर्डातल्या वीस कॉटवर चाळीस डोळे असतात आणि त्यांना दिवसभर दुसरं काम नसतं. पिवळं येतं, एखाद्या कॉटपाशी बसतं, उठून जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्या कॉटवर नवी चादर असते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आभाळ भरून आलेलं जसं कोणाला सांगावं लागत नाही तसं ते त्यांना कळलं होतं, आणि आम्ही त्यांच्यामधून रोज चाळीस वेळा फिरत होतो तरी आम्हांला पत्ता नव्हता. सहा नंबरला एक निवृत्त मास्तर होते. बरे होत होते, पण जेवत नव्हते. त्यांची बायको रोज दरवाजाबाहेरच्या कठड्यापाशी थर्मास घेऊन उभी असायची आणि काही म्हणजे काही बोलायची नाही. ओरडणाऱ्यांना मी पुरून उरते. न बोलणाऱ्यांपुढे माझं काही चालत नाही. वाटलं, हिला बघून दोन घास खातील. भेटीचा पास मीच लिहिला, नियमाबाहेरचा पहिला आणि शेवटचा. ती पिवळ्यात वर गेली. मास्तरांनी तिला लांबूनच येताना पाहिलं म्हणे, उशीवर जरा सरळ झाले, कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं, सायकल शेजारच्यांना द्यायला सांगितली, तिचे आभार मानले. ती उतरून आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "आज किती बोलले हो," ती मला म्हणाली. तिसऱ्या सकाळी मास्तर गेले. हृदय, असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले, आणि मीही मनाच्या कुठल्याशा वहीत हृदय असं लिहून पान उलटलं होतं. "मास्तर बरे होत होते," शिंपी आता म्हणत होता. "तुम्ही दया केलीत." बाही आखूड झाली हे सांगावं तितक्या साधेपणाने तो म्हणाला, त्यात दोष देणं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला सोसेना.

बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. माझी वाट बघत होते हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. "मॅडम," ते म्हणाले, "चौदा नंबरसाठी आज पास काढून ठेवा." मी मान डोलावली. दिवसातून तीन-चारदा हे वाक्य ऐकते मी, आणि मान डोलावते. मग तेही तसंच उशिरा पोहोचलं. चौदा नंबर म्हणजे माझी ताई. दुसरा कुठला शब्द त्यांच्याजवळ नव्हता, कारण चार महिन्यांत या इमारतीत त्या गोष्टीला 'पास काढणं' हाच शब्द रूढ झाला होता, आणि तो माझ्याच टेबलावर तयार झाला होता. "संध्याकाळपर्यंत वेळ असेल," ते म्हणाले. "जास्त धरू नका." मी "थँक्यू डॉक्टर" म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला यंत्र, समोर तारा आणि दिवसभर दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना जोडून देणं. तिचा आवाज ऐकून लोक लग्नाच्या मागण्या घालायचे, असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक. आता त्या आवाजावर ऑक्सिजनचा मास्क बसला होता आणि तिला एका वाक्याचे तीन तुकडे करावे लागत होते. नऊ दिवस ती तिथे होती आणि नऊ दिवस मी तिला रोज भेटत होते, म्हणजे भेटत नव्हते. राउंडला जाऊन प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी जेवढी उभी राहत होते तेवढीच चौदाच्या पायथ्याशी. एक मिनिट. जास्त नाही, कमी नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मेट्रनबाई, तुमच्या ओळखीने... चादर बदलून मिळेल का?" मी हसले, काचेमागे ते दिसलं नसणार. इथे काम करणाऱ्यांनाही आपल्या माणसासाठी वेगळा नियम नाही, हे वाक्य माझंच. ते मी कपडे चढवण्याच्या खोलीतल्या मावशींना ऐकवलं होतं, दुसऱ्या महिन्यात, त्यांचा नवरा दुसऱ्या मजल्यावर होता तेव्हा. डॉक्टरांनी अजून तो शब्द उच्चारला नव्हता, म्हणून पास नाही. मावशींनी पुन्हा विचारलं नाही. पहिल्या मजल्यावर फरशी पुसत होत्या त्या, तेव्हा वर सगळं उरकलं. त्यानंतर मी कोणत्या तोंडाने ताईच्या उशाशी बसणार होते?

खोलीत येऊन पासांची वही काढली. रुग्णाचं नाव, कॉट, वेळ, भेटणाऱ्याचं नाव, नातं. या नात्याच्या रकान्यात मी इतक्यांदा मुलगा, पत्नी, आई असं लिहिलं होतं की ती अक्षरं हात आपोआप काढायचा. आज धाकटी बहीण असं लिहायला घेतलं आणि 'धाकटी'वरच पेन थांबलं. मला धाकटी म्हणणारं आता एकच माणूस होतं. खिडकीबाहेर दुपार अगदी हलत नव्हती. आवारातली झाडं, रिकामे बाक, दरवाजापाशी सावलीत थांबलेली माणसं, सगळं कोणी काचेखाली दाबून ठेवल्यासारखं. आणि मी पाच वर्षांची होते. आमच्या मधल्या खोलीचं दार, त्याला हिरवा रंग, खालचा पोपडा उडालेला. आत आई. तिला ताप होता, कसला ते नंतर कळलं. डॉक्टर सांगून गेले होते की लहान मुलांना आत सोडू नका. ताई तेरा वर्षांची, म्हणजे लहान मुलांत नाही, असं मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. ती दाराच्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभी राहायची. उजव्या कोपरावर खपली होती. औषधी पाण्याचा वास तिच्या फ्रॉकला यायचा, आणि तो वास पुढे मला नर्सिंगच्या शाळेत पहिल्या दिवशी भेटला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. त्याचं आता नवल वाटतं. "आई झोपलीय," ताई म्हणायची. "जा, खेळ." मी अंगणातल्या पायरीवर जाऊन बसायची. खडे मांडायची, मोडायची. पाच दिवस. मग दार उघडं दिसलं आणि खोली रिकामी होती, नवी चादर घातलेली. त्यावर ताई आणि मी कधी बोललो नाही. तिने मला वाढवलं, वेण्या घातल्या, माझी फी भरली, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि त्या दाराचा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही. पायरीवर बसून मला जे कळलं ते मी माझ्यापाशी ठेवलं. तिला जे ठाऊक होतं ते तिने.

आता मी पिवळ्यात गेले असते तर तिने ओळखलं असतं. चाळीस डोळ्यांतले दोन तिचेच, आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात आयुष्य गेलेली ती, तिने तर सगळ्यांच्या आधी हिशेब लावला असणार. पांढऱ्यात गेले असते तर मी मेट्रन, पायथ्याशी, एक मिनिट. आणि ताई बहिणीशिवाय गेली असती. दोन्ही गाऊन माझ्या कपाटात होते, धुऊन, घडी घालून, आणि दोन्ही मला चालेनात. किती वेळ बसले होते कोण जाणे. मग फोन उचलला आणि भिंगरीला खाली बोलावलं. ती धापा टाकत आली. "आत्तापासून तिसऱ्या मजल्यावर सगळे पिवळ्यात," मी म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही, मावशी, सफाईचे मामा, सगळे." "सगळे? मॅडम, पांढरे तर..." "पांढरे संपले." भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. पांढऱ्यांचे गठ्ठे तिनेच काल मोजून लावले होते. "संपले," मी पुन्हा म्हणाले, आणि नोकरीतलं पहिलं खोटं इतकं सहज निघालं की मलाच वाटलं, इतकी वर्षं उगाच जपून ठेवलं होतं. शिंप्यासाठी केलं असं मला म्हणायला आवडेल. वर्षभराने कोणी विचारलं तर तसंच सांगेनही. पण ते ताईसाठी होतं. मास्तर गेले तेव्हा मला हे सुचलं नाही, मावशींचा नवरा गेला तेव्हा नाही; माझी ताई निघाली तेव्हा सुचलं. शरम वाटली. शरमेसकट उठले.

वर काय झालं ते मला मागून कळलं. पहिली पिवळी आत शिरली तेव्हा सगळा वॉर्ड गप्प झाला. एकोणीस माणसांनी श्वास धरला, त्यातल्या कित्येकांना धरायला फारसा नव्हताच. ती कोणाकडे जाते हे बघत असताना मागून दुसरी आली. मग तिसरी. मग मामा बादली घेऊन पिवळ्यात. शेवटी डॉक्टर, त्यांना तो गाऊन गुडघ्यापर्यंतच येत होता. तेव्हा शिंपी म्हणे मोठ्याने हसला. "घ्या!" तो म्हणाला. "आता भ्यायचं तरी कोणाला?" आणि मास्क लावलेली माणसं जशी हसतात तशी, नुसते खांदे हलवत, दोन-चार जणं हसली.

कपडे चढवायच्या खोलीत मावशी एकट्याच होत्या. त्यांनी पिवळा गाऊन झटकून समोर धरला. "राउंडला ना मॅडम?" "नाही. भेटायला." त्यांचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. भेटायला येणाऱ्यांनी घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर ठेवायच्या, हाही माझाच नियम. कामाच्या माणसांना घड्याळ लागतं, भेटणाऱ्यांना लागत नाही. मी पिन काढली. तेहतीस वर्षांचं घड्याळ मावशींच्या तळहातावर पालथं पडलं. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हांला..." "माझ्याजवळ ठेवते हे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला वळवलं, पाठीमागच्या नाड्या बांधल्या, आणि पाठीवरून एकदा हात फिरवून कापड सारखं केलं. "जा मॅडम. वेळ जातोय."

वॉर्डात दुपारचं ऊन आडवं आलं होतं. सगळीकडे पिवळी माणसं हळू फिरत होती, कोणी बाटली बदलत होतं, कोणी उशी सारखी करत होतं, आणि कोण कोणासाठी आलं होतं ते काही कळत नव्हतं. मला एकदम खूप झोप आल्यासारखं वाटलं. या लोकांमधून चालत कुठे निघालो आहोत हे विसरून जावं, इथेच एखाद्या कॉटवर पडून राहावं, आणि कोणीतरी येऊन खेळायला जा म्हणावं. शिंप्याने मला ओळखलं नाही. मी चौदापाशी आले. पायथ्याशी थांबायची पायांना इतकी सवय की त्यांना पुढे ढकलावं लागलं. उशाशी स्टूल होतं. मी बसले.

ताईने डोळे उघडले. बराच वेळ माझ्या काचेत बघत राहिली. "पिवळं," ती म्हणाली, "तुला शोभत नाही."

"सगळ्यांनाच आहे आज, ताई. पांढरे संपले."

तिचे डोळे बारीक झाले, हसताना होतात तसे. "तुझ्या कोठारात... कधी काही... संपलंय?"

रचलेलं सगळं एका वाक्यात तिने उलगडून माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिचा हात घेतला. दोन हातमोज्यांतून तो गार लागला की तसा मला वाटला, सांगता येत नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं... मेट्रनबाईच येणार... शेवटपर्यंत." मग तिने डोळे मिटले. नळीतून हवा येण्याचा आवाज होत होता आणि त्याखाली माझा श्वास. तिला डुलकी लागली असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं, काही बोलावं लागणार नाही म्हणून. पण ती जागी होती.

"ते दार," ती म्हणाली. "हिरवं."

"हो."

"आई झोपली नव्हती गं." तिने श्वास गोळा केला. तिला नको म्हणावं, बोलू नकोस म्हणावं, हे तेहतीस वर्षं पेशंटांना म्हणत आले होते, ते तोंडातून निघेना. "तुला बोलवत होती. सारखी. धाकटी कुठंय... धाकटीला आणा. आणि मी तुला... झोपलीय म्हणून..." मास्कच्या आत वाफ धरली. पन्नास वर्षं ती हे घेऊन हिंडली होती. एक्सचेंजमध्ये अख्ख्या गावाची माणसं जोडून देताना, माझ्या वेण्या घालताना, माझ्या लग्नात.

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "ऐकू येत होतं."

तिने डोळे उघडले.

"पायरीवर सगळं ऐकू यायचं, ताई. खिडकी उघडी असायची."

"सगळं?"

"सगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तेरा वर्षांच्या मुलीला बघत होते, कोपरावर खपली असलेल्या. "मग आत... का नाही शिरलीस?" ती म्हणाली. "ढकलायचं मला. मी केवढी... होते?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. उत्तर मात्र तिथेच होतं, इतकी वर्षं खडे मांडल्यासारखं. "तुझे हात थरथरत होते ना," मी म्हणाले. "चौकटीवरचे. म्हणून गेले खेळायला."

तिची बोटं माझ्या हातमोज्यावर एकदा दाबली गेली आणि तशीच राहिली. तिचा चेहरा सैल झाला. कानावरचं यंत्र उतरवून ती घरी यायची, तेव्हा असा व्हायचा. मी रडत होते आणि काचेच्या आत ते पुसता येत नव्हतं, म्हणून वाहू दिलं. किती वेळ गेला ते मला कळायला मार्ग नव्हता, घड्याळ मावशींकडे होतं. बाहेर कुठेतरी दाराची चाकं वाजली. मामांनी बादली ठेवली. मग माझ्या पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात आला.

इतका हलका असतो तो, मला ठाऊक नव्हतं. शेकडो खांद्यांवर ठेवायला लावला होता, माझ्या खांद्यावर कधी आला नव्हता. मी मोजायला लागले, शिकवल्याप्रमाणे. एक. दोन. तीन. हात उचलला गेला नाही. चार. पाच. भिंगरी तशीच उभी होती. तिने ठेवला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता, आणि मी बसून राहिले असते तर तिने मला संध्याकाळपर्यंत बसू दिलं असतं. गाऊनच्या कापडातून मला तो कळत होता. तो थरथरत होता.

मी उठले.